वसईच्या धर्मग्रामातील संस्कार आणि त्यांची भाषा

वसईच्या इतिहासाचे लेखन आजवर मुख्यतः किल्ल्याच्या तटावरून झाले आहे. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने तहान्वये हा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. या तीन घटनांच्या मधल्या काळात तटाबाहेरच्या गावांत काय चालले होते, याची विचारपूस इतिहासकारांनी क्वचितच केली. जे. गर्सन द कुन्हा यांचा चौल आणि वसई यांवरील १८७६ चा ग्रंथ मोलाचा खरा. परंतु त्याचेही लक्ष शिलालेखांवर आणि भग्न वास्तूंवर अधिक खिळलेले आहे. सांडोर, पापडी, नंदाखाल, आगाशी, निर्मळ, रमेदी या गावांतील ख्रिस्ती शेतकऱ्यांचा व कोळ्यांचा धर्मव्यवहार शिलांवर कोरला गेला नाही. तो चर्चच्या नोंदवह्यांत उतरला, आणि त्याहून अधिक बोलण्यातल्या शब्दांत उतरला. त्या शब्दांना कागदपत्रांइतकेच साधन मानून वसईच्या धर्मग्रामाचा विचार केला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसू लागते: ज्या संस्कारांची भाषा समाजाला परकी होती, ते संस्कार समाजाने नात्यागोत्यांच्या आणि गावगाड्याच्या भाषेत बसवून घेतले, आणि राज्य गेल्यावर मुख्यतः तेवढेच टिकले.

'धर्मग्राम' हा शब्द येथे सोयीसाठी वापरला असला तरी तो अलीकडचा आहे. युरोपीय भाषांत या संस्थेची जी नावे आहेत, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ ग्रीक 'पारोइकिया' या शब्दात सापडते. त्याचा मूळ अर्थ परमुलखात तात्पुरती वस्ती करून राहणे असा होता. आरंभीचे ख्रिस्ती लोक स्वतःला या जगातले परस्थ समजत, त्यातून तो शब्द आला. मराठीने मात्र त्याच संस्थेला 'ग्राम' म्हटले. म्हणजे परस्थांच्या वस्तीचे येथे स्थायिकांचे गाव झाले. हा बदल केवळ भाषांतरकाराच्या लहरीने झाला असे समजण्याचे कारण नाही. वसईत ही संस्था प्रत्यक्षात गावाच्या चौकटीतच वाढली.

तिची घडण ज्या काळात झाली तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या संघांच्या धर्मगुरूंनी सोळाव्या शतकात वसई परिसरात चर्चे उभारली. याच सुमारास युरोपात त्रेंत येथील धर्मपरिषद (१५४५ ते १५६३) चालू होती. नोव्हेंबर १५६३ मधील तिच्या निर्णयांनी खेड्यातल्या चर्चचे रूप पालटले. धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदार यांच्या समक्ष न झालेला विवाह ग्राह्य धरला जाणार नाही, असे तिने ठरवले. प्रत्येक विवाहाची वहीत नोंद व्हावी. स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापिता कोण हे गुरूने आधी विचारावे, एक किंवा फार तर एक पुरुष व एक स्त्री एवढ्यांनाच तो मान द्यावा आणि त्यांची नावे लिहून ठेवावीत, असेही ठरले. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने त्रेंतचे धोरण पूर्वेकडील मुलखात लागू केले. वसईची धर्मग्रामे गोव्याच्या आर्चबिशपाच्या अधिकाराखाली असल्याने ती आपोआप या नियमांखाली आली. युरोपातील पुष्कळ जुन्या खेड्यांना ही शिस्त शतकानुशतकांच्या सवयी मोडून स्वीकारावी लागली. वसईचा ख्रिस्ती समाज मात्र जन्मतःच नोंदवहीसह जन्मला.

नोंदवहीतील सर्वांत परिणामकारक रकाना धर्ममातापित्यांचा होता. चर्चच्या कायद्यानुसार स्नानसंस्कारातून 'आत्मिक नाते' उत्पन्न होई. त्रेंतने हे नाते पूर्वीपेक्षा संकुचित केले, तरी धर्मपिता आणि बालक यांच्यात, तसेच धर्मपिता आणि बालकाचे आईबाप यांच्यात ते कायम राहिले व विवाहाला प्रतिबंधक मानले गेले. मुलाचा बाप आणि धर्मपिता हे परस्परांचे पोर्तुगीजमध्ये 'कोंपाद्रे' होत. गोव्याच्या कोकणीत याच शब्दाचे 'कुंपार' झाले. वसईतील सामवेदी परंपरेच्या ख्रिस्ती समाजाला जे 'कुपारी' हे नाव आहे, तेही याच शब्दापासून आले असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ध्वनिदृष्ट्या या व्युत्पत्तीत मोठी अडचण नाही: अनुनासिकाचा लोप आणि 'द्र' या जोडाक्षराचे सुलभीकरण या दोन्ही प्रक्रिया पोर्तुगीजमधून आलेल्या इतर शब्दांत दिसतात. अर्थाच्या बाजूने पाहता ती अधिकच बोलकी आहे. एखाद्या समाजाला त्याच्या वस्तीवरून, धंद्यावरून किंवा कुळावरून नाव पडणे हे नित्याचे. येथे संपूर्ण समाजाचे नाव एका संस्कारातून जोडलेल्या सोयरिकीवरून पडले. ज्यांना पूर्वी एकमेकांचे भाऊबंद म्हणून हाक मारायची, त्यांना आता चर्चच्या पाण्याने जोडलेले सोबती म्हणून हाक मारू लागले, एवढाच फरक.

याच पाण्याने आडनावेही बदलली. परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज, कोरिया, फर्नांडिस ही नावे वसईच्या शेतकऱ्यांकडे कोणा पोर्तुगीज पूर्वजामुळे आली असा समज अजूनही अधूनमधून ऐकू येतो. तो बहुतांशी चुकीचा आहे. धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याचे किंवा संस्कार देणाऱ्या गुरूचे नाव घेण्याची रीत सर्व पोर्तुगीज मुलखात होती. नावावरून वंश शोधू गेल्यास हाती लागते ती केवळ त्या दिवशी चर्चमध्ये कोण उभे होते याची माहिती.

परंतु संस्काराने जोडलेले नाते आणि जातीने आखलेली सीमा यांचा मेळ बसला का? येथे वसईचा पुरावा संमिश्र आहे, आणि तो भाषेतच सर्वांत स्पष्ट दिसतो. वसईच्या ख्रिस्ती समाजात सामवेदी किंवा कादोडी बोलणारे कुपारी आहेत, वाडवळी बोलणारे वाडवळ आहेत, कोळी आहेत, आगरी आणि भंडारी आहेत. सामवेदी ही बोली कुपाऱ्यांप्रमाणेच हिंदू सामवेदी ब्राह्मणांचीही आहे. वाडवळीही हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत बोलली जाते. म्हणजे एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारे दोन शेजारी घरी निरनिराळ्या बोली बोलत, आणि निरनिराळ्या देवळांत जाणारे दोन शेजारी घरी एकच बोली बोलत. चार शतके एका चर्चमध्ये उपासना होऊनही बोलींच्या या सीमा पुसल्या गेल्या नाहीत, याचे कारण उघड आहे. बोली टिकते ती चुलीपाशी, आणि चुलीपाशी कोण येणार हे लग्नावर ठरते. धर्मग्रामाने विवाहाचा विधी आपल्या ताब्यात घेतला; सोयरिकीचे वर्तुळ मात्र जातीच्याच ताब्यात राहिले.

त्यात चर्चच्या कायद्याने एक अडचण आणखी घातली होती. १२१५ पासून चौथ्या पायरीपर्यंतच्या रक्तसंबंधितांत विवाह निषिद्ध होता. मामाच्या मुलीशी लग्न ही जी महाराष्ट्रातील अनेक जातींत रूढ व प्रिय चाल, ती या नियमाखाली सरळच निषिद्ध ठरली. मोजक्या गावांत विखुरलेल्या, जातीबाहेर सोयरीक न करणाऱ्या समाजाला चौथी पायरी ओलांडून वधू शोधणे किती कठीण गेले असेल याची कल्पना करता येते. विशेष सूट मागण्याची तरतूद याचसाठी होती. एकीकडे जात बाहेर जाऊ देत नाही आणि दुसरीकडे चर्च जवळ येऊ देत नाही, अशा अरुंद वाटेने वसईची लग्ने शतकानुशतके जमत आली.

ख्रिस्ती धर्माची शिकवण या लोकांना कोणत्या भाषेत मिळाली? पूजाविधीची भाषा लॅटिन आणि कारभाराची पोर्तुगीज होती. परंतु प्रश्नोत्तरी, प्रार्थना आणि प्रवचन लोकभाषेत द्यावे लागे, आणि त्यासाठी आरंभी दुभाष्यांवाचून गत्यंतर नव्हते. वसईचा जो पुत्र पुढे संतपदाला पोहोचला, त्या गोन्सालो गार्सियाची कहाणी या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १५५६ च्या सुमारास वसईत पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी तो जन्मला. तो जपानला गेला, तेथील भाषा शिकला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला आणि संघाच्या जपानमधील प्रमुखाचा दुभाषा बनला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रूसावर चढवण्यात आले; १८६२ मध्ये त्याला संत घोषित केले गेले. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या मुलाने परमुलखात दुभाषाचे काम पत्करावे, यात फारसे नवल नाही.

दुभाष्यांकडून ग्रंथांकडे जाण्याचे पाऊल गोव्यात पडले. १५७९ मध्ये आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध मराठीत लिहिलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. मराठी लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी त्यांनी १६०८ मधील पत्रात मागितली होती. तो योग न आल्याने ग्रंथ रोमन लिपीत निघाला. स्टीफन्सचा गौरव मराठी अभ्यासकांनी पुष्कळ केला आहे. त्या मानाने फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमारायस यांच्या १६५९ च्या ख्रिस्तदुःखसहनावरील पुराणाकडे फार थोड्यांनी पाहिले. वाङ्मयगुणांत ते स्टीफन्सच्या जवळपासही येत नाही. परंतु त्याची भाषा उत्तर कोकणच्या बोलण्याला अधिक लागून आहे, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याचे पुनर्मुद्रण व्हावे इतकी त्याला मागणी राहिली. धर्मग्रामाच्या इतिहासात ग्रंथाची किंमत त्याच्या सौंदर्यापेक्षा त्याच्या वापरावर ठरवावी लागते, आणि त्या कसोटीवर गिमारायस उपेक्षेस पात्र नाही.

१७३९ चा प्रहार या व्यवस्थेच्या वरच्या थरावर झाला. पोर्तुगीज घराणी आणि युरोपीय संघांचे धर्मगुरू निघून गेले. मठ व विद्यालये ओस पडली. शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा होती, आणि मराठी अमलात ती सर्वस्वी नाकारली गेली असे म्हणता येणार नाही. काही कुटुंबे शुद्धी करून घेऊन पुन्हा हिंदू समाजात गेली, हेही खरे. राहिलेल्यांचा धार्मिक कारभार मुख्यतः गोमंतकीय धर्मगुरूंनी चालवला.

या पालटाची एक खूण मराठी भाषेने जपून ठेवली आहे. चर्चच्या बुरुजांवरील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर नेण्यात आल्या. नाशिकच्या गोदातीरावरील नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवली येथे, भीमाशंकर येथे त्या आजही टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर मरियेची बालकासह आकृती आणि १७०७ हे साल आहे. ठणठणीत आवाजाच्या माणसाला 'नारोशंकराची घंटा' म्हणणाऱ्या किती मराठी भाषकांना तिचे माहेर ठाऊक असते? वसईत मात्र घंटा ही शोभेची वस्तू नव्हती. सकाळ, मध्यान्ह आणि सायंकाळ या तीन वेळच्या प्रार्थनेची हाक तीच देई. मरण आणि लग्न तीच कळवी. घंटा गेली तेव्हा गावाच्या दिवसाचे मोजमाप गेले.

मग उरले काय? सात संस्कारांपैकी दृढीकरणाला सामान्यतः बिशप लागतो, आणि बिशप गोव्यात. मिस्सा, पापनिवेदन आणि रुग्णाभ्यंग यांना धर्मगुरू लागतो, आणि धर्मगुरू थोडे. केवळ स्नानसंस्कार असा, की निकडीच्या वेळी तो कोणीही देऊ शकतो. सुइणीलाही त्याची अनुज्ञा असते. त्याखेरीज जपमाळ, लितानी, गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला क्रूस, मृतासाठी घरी म्हणायची प्रार्थना यांपैकी कशालाही अभिषिक्त हातांची गरज नव्हती. मे महिन्याच्या संध्याकाळी क्रूसापाशी जमून जपमाळ म्हणण्याची चाल उत्तर कोकणच्या ख्रिस्ती वस्त्यांत आढळते, आणि तिच्याकडे केवळ भाविक हौस म्हणून पाहणे अपुरे आहे. धर्मगुरू दुर्मीळ असताना समाज एकत्र बसण्याची ती जागा होती. परंपरेचा भार अशा वेळी विद्वानांवरून घरातल्या वडीलधाऱ्यांवर, विशेषतः स्त्रियांवर, येऊन पडतो.

याचा भाषिक परिणाम गोव्याशी तुलना केल्यास चांगला कळतो. गोव्यात पोर्तुगीज सत्ता साडेचारशे वर्षे अखंड राहिली. तेथील कोकणीत चर्चला 'इगर्ज', लग्नाला 'काजार', पापनिवेदनाला 'कुमसार', ख्रिस्तप्रसादग्रहणाला 'कुमगार' म्हणतात. यांतील प्रत्येक शब्द पोर्तुगीज आहे. वसईत ती सत्ता दोनशे वर्षांतच संपली. येथे चर्चला लोक 'देऊळ' म्हणत आले आणि लग्नाला 'लगीन'. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून आणतात ते 'उंबराचे पाणी', दारात घालतात तो 'मांडव'. युरोपात ज्या रविवारी ऑलिव्हच्या किंवा ताडाच्या फांद्या घेऊन मिरवणूक निघते, त्याला येथे 'झावळ्यांचा रविवार' म्हणतात, कारण वसईच्या वाडीत हाताला लागते ती माडाची झावळी. 'पाद्री' आणि 'मिस्सा' हे शब्द बाहेरचे राहिले, कारण त्या वस्तूच बाहेरून आल्या होत्या. गंमत अशी, की जो पोर्तुगीज शब्द वसईच्या हद्दीबाहेर सर्वांत दूर गेला तो एका सणाचा: येशूजन्माच्या सणाला 'नाताळ' म्हणणाऱ्या बहुसंख्य मराठी माणसांचा चर्चशी काडीचाही संबंध नसतो.

एकोणिसाव्या शतकात अधिकारक्षेत्राचे वाद बरेच झाले. त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. १८८६ मध्ये वसई नव्या दमण धर्मप्रांतात आली, १९२८ मध्ये तो धर्मप्रांत बरखास्त झाल्यावर मुंबईच्या आर्चबिशपाखाली गेली, आणि १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. भाषेच्या दृष्टीने निर्णायक घटना याच्या मधली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीवरील संविधान संमत केले आणि लोकभाषेला वेदीपर्यंत वाट मोकळी झाली.

आता संस्कारांना मराठी नावे हवी होती. मराठीत ख्रिस्ती परिभाषा अगदीच नव्हती असे नाही. १८१३ पासून मुंबईत व पुढे अहमदनगरला काम करणाऱ्या अमेरिकन मिशनने आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्या कवींनी ती घडवली होती. पण ती प्रॉटेस्टंट मंडळींची होती. तिच्यात 'बाप्तिस्मा', 'प्रभुभोजन', 'पाळक', 'मंडळी' हे शब्द रुळलेले. कॅथलिकांनी 'स्नानसंस्कार', 'दृढीकरण', 'ख्रिस्तशरीर', 'गुरुदीक्षा', 'रुग्णाभ्यंग', 'धर्मगुरू', 'धर्मग्राम' ही वेगळी माळ गुंफली. 'संस्कार' हा शब्द पत्करताना सोळा संस्कारांची सारी पार्श्वभूमी त्याच्यासोबत आली, आणि ती जाणूनबुजून येऊ दिली गेली. या परिभाषेची बांधणी उत्तम आहे, तिला अर्थाची पारदर्शकता आहे, आणि तिच्यामुळे वसईचा ख्रिस्ती समाज मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहात निःसंकोच उभा राहिला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले, त्यामागे या भाषिक मशागतीचा मोठा वाटा आहे.

तथापि या स्थित्यंतराचे वर्णन 'परभाषेकडून स्वभाषेकडे' असे करण्याची जी प्रथा पडली आहे, ती तपासून पाहिली पाहिजे. लॅटिन गेली आणि तिच्या जागी संस्कृतनिष्ठ प्रमाण मराठी आली. ती कळते, यात शंका नाही, आणि न कळणाऱ्या भाषेपेक्षा कळणारी भाषा केव्हाही बरी. परंतु कादोडी बोलणारी आजी 'रुग्णाभ्यंग' हा शब्द घरात वापरत नव्हती, आणि 'देऊळ' हा तिचा शब्द नव्या परिभाषेत बसला नाही. छापील पुस्तकांत 'चर्च' किंवा 'ख्रिस्तमंदिर' आले. ज्या शब्दाने ख्रिस्ती आणि हिंदू शेजाऱ्यांची पूजास्थाने एकाच नावाने ओळखली जात होती, तो शब्द स्वभाषेच्या नावानेच मागे सारला गेला. बोली आणि वेदी यांच्यातले अंतर १९६३ नंतर कमी झाले. नाहीसे झाले नाही.

आत्मिक नात्याचा कायदाही दरम्यान बदलत गेला. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने धर्मपिता आणि बालकाचे आईबाप यांच्यातील प्रतिबंध काढून टाकला आणि तो धर्मपिता व बालक, तसेच संस्कार देणारा व बालक, एवढ्यांपुरता ठेवला. १९८३ च्या संहितेने तोही वगळला. म्हणजे ज्या नात्यावरून कुपाऱ्यांचे नाव पडले असे मानतात, त्याला कायद्याच्या दृष्टीने १९१७ पासूनच विवाहापुरता अर्थ उरलेला नाही. बारशाच्या दिवशी धर्मपित्याला सर्वांत आधी बोलावणे मात्र कायद्यातून आलेले नव्हते, त्यामुळे ते कायद्यासोबत गेलेही नाही.